तोडणीच्या हिशेबात भाकरी कुठे आहे?



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या गट कार्यालयांतून एकच वर्दळ सुरू होते. नोंद कोणत्या तारखेची धरली, पाळी केव्हा येणार, टोळी किती कोयत्यांची आहे, मुकादमाचा करार झाला की नाही, गाडीचे टायर, डिझेल, दोर, सगळ्याची चौकशी होते. ती व्हायलाच पाहिजे. वर्षभर पाणी पाजून वाढवलेला ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन घटते, उतारा घटतो, आणि नुकसान सभासदाच्याच माथी बसते. मात्र या चौकशीत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जो माणूस आपल्या फडात कोयता चालवणार, तो आणि त्याची बायका-पोरं या चार-पाच महिन्यांत खाणार काय?

प्रश्न साधा वाटतो. "त्यांचं ते बघतील, मजुरी देतो ना आपण," असे उत्तरही लगेच येते. आमचे नम्र मत असे आहे की नुसती मजुरी दिल्याने हा प्रश्न सुटत नाही. मजुरी आणि पोट यांच्यामध्ये उचल, अंतर, वेळ आणि दुकानदार असे चार अडसर आहेत. ते दूर करणे एकट्या तोडणीवाल्याला जमणारे नाही, कारखान्याला आणि सभासदांना मिळून मात्र सहज जमणारे आहे. तोडणीवाल्याचे जेवण हा तोडणी कार्यक्रमाचाच एक भाग समजावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

मजुरी कागदावर, पोट वाढ्यांवर

जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. हातोडणीचा दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या थोडा वर गेला. पेपरातली बातमी वाचून आपल्याकडे पारावर "आता काय, मजुरांची चंगळ" अशी भाषा ऐकू आली. तेव्हा हिशेबच करून पाहू.

एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. दोघांनी मिळून दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या आणि वाहनात भरून द्यायच्या. पावणेदोन टन धरले तर दोघांची मिळून सहाशे-साडेसहाशे रुपये मजुरी होते, म्हणजे माणशी सव्वातीनशेच्या आत-बाहेर. त्यासाठी पहाटे अंधारात उठायचे, आणि ट्रक रात्री आला तर रात्री भरायला उभे राहायचे. आठ तासांचा दिवस हा कारखान्याच्या गेटच्या आतला. फडात तसला काही नियम चालत नाही.

आता यातले हातात किती येते ते पाहा. मजुरी बहुतेक सगळी उचलीत वळती होते. उचल मोठी दिसते हे खरे. कोयत्यामागे लाख रुपयांवर जाते आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. तथापि ती मिळते दसऱ्या-दिवाळीच्या आधी, आणि येताच मागल्या देण्यात जिरते. मागल्या हंगामाची राहिलेली फिरती, मुलीचे लग्न, दवाखाना, बैलाची जोडी, कोरडवाहू रानातले वाया गेलेले बी-बियाणे. आष्टी, पाटोदा, धारूर, पाथर्डी या भागांतून निघालेले जोडपे आपल्या शिवारात उतरते तेव्हा त्याच्या खिशात उचल नसते, डोक्यावर असते.

मग हंगामात खायचे कशावर? एक, मुकादमाकडून मिळणारी खर्ची. दुसरे, वाढे विकून येणारे पैसे. दुधाची जनावरे असणाऱ्या आपल्या सभासदांना वाढ्यांचा व्यवहार चांगला माहीत आहे. ऊस तोडून झाल्यावर बाया वाढ्यांच्या पेंढ्या बांधतात आणि रस्त्याला बसून विकतात. त्यातून तेल, मीठ, चहा, साखर, मिरची येते. ज्या दिवशी वाढ्यांना गिऱ्हाईक नाही त्या दिवशी बाजारही नाही. कागदावरची मजुरी वाढली तरी चुलीपाशी तिचा पत्ता उशिरा लागतो, तो असा.

पोटाला लागते किती?

आपण पिकाला खताची मात्रा ठरवून देतो. माणसाच्या अन्नाचीही मात्रा ठरलेली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या मानांप्रमाणे कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० उष्मांक लागतात, स्त्रीला २७२०. बाई गरोदर असेल तर त्यावर ३५० अधिक. अंगावर पिणारे तान्हे असेल तर पहिले सहा महिने ६०० अधिक. ऊसतोडणी कष्टाच्या कामात मोडत नाही असे म्हणणाऱ्याने एक दिवस कोयता हातात घेऊन पाहावा.

शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठाची भाकरी धरली तर तीत साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात. म्हणजे नुसत्या भाकरीवर भागवायचे तर गड्याला रोज दहा आणि बाईला आठ भाकरी खाव्या लागतील. कोरड्या भाकऱ्या एवढ्या कोणाला जात नाहीत. म्हणून तर डाळ लागते, तेल लागते, शेंगदाणा लागतो, पालेभाजी लागते. नुसते पोट भरणे आणि अंगी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसाला नुसता युरिया देऊन चालत नाही, पालाशही लागते, गंधकही लागते, हे आम्ही मेळाव्यांतून वर्षानुवर्षे सांगतो. माणसाचेही तसेच आहे.

दुपारी फडात भाकरी सोडतात तेव्हा फडक्यात काय असते ते आपण कधी पाहिले असेल. भाकरी, ठेचा, कांदा. कधी घट्ट बेसन. बाजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत भाजी, त्यानंतर कोरड्यास म्हणजे तिखट-मीठ घातलेले पाणी. डाळ का नाही, असे विचारले तर बाया सांगतात की डाळ महाग आणि शिजायला वेळ लागतो. पहाटे तीनला उठून तीन दगडांच्या चुलीवर, दवाने भिजलेल्या जळणावर दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकायचा असतो. त्यात डाळ शिजत बसत नाही. शिवाय वाढण्याचा क्रम घराघरांत ठरलेला आहे. आधी गडी, मग लेकरं, शेवटी ती. कमी पडले की कोणाला कमी पडते हे वेगळे सांगायला नको.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण ६८.९ टक्के निघाले. ही सरासरी सगळ्या राज्याची, शहरातल्या बंगल्यांत राहणाऱ्यांसकट. उघड्या रानात कोपी घालून राहणाऱ्या, दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईची स्थिती याहून बरी असेल असे मानायला आधार दिसत नाही.

स्वस्त धान्य आहे, पण ते गावी

कोणी म्हणेल, सरकार फुकट धान्य देते की. देते, हे खरे आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क मिळाला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत आहे. परंतु कार्ड गावच्या दुकानाला जोडलेले, आणि माणूस दोनशे-तीनशे किलोमीटरवर आपल्या फडात.

यावरही तोड निघालेली आहे. 'एक देश, एक रेशनकार्ड' या योजनेत देशातल्या कोणत्याही रेशन दुकानावर, मशीनवर अंगठा देऊन धान्य उचलता येते. गावी म्हातारा-म्हातारी आणि नातवंडे राहिली असतील तर काही धान्य इकडे आणि उरलेले तिकडे, असेही घेता येते. एवढी सोय असूनही आपल्या परिसरातल्या तळांवर तिचा लाभ घेणारे थोडेच दिसतात. त्याची कारणे आम्ही टोळ्यांमध्ये विचारून पाहिली.

पहिले कारण, कित्येकांना हे ठाऊकच नाही. दुसरे, दुकान उघडे असते त्या वेळी ते फडात असतात. दुकानावर जायचे म्हणजे दिवस मोडणे, आणि दिवस मोडला की मुकादमाकडे खाडा धरला जातो. दहा-पंधरा किलो धान्यासाठी खाड्याचे पाचशे रुपये कोण भरणार? तिसरे, उसाच्या पात्याने आणि कोयत्याच्या मुठीने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. चौथे, कार्डातल्या एखाद्या नावाची ई-केवायसी राहिलेली असते. पाचवे, दुकानदाराचा कोटा गावच्या कार्डांवर आलेला असतो. बाहेरची चार टोळकी एकदम आली की तो "माल शिल्लक नाही" म्हणतो, आणि पुष्कळदा ते खोटे नसते.

आणि हे सगळे जमले तरी माणशी पाच किलो म्हणजे रोजचे १६६ ग्रॅम. त्यातून पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक मिळतात. तोडणीवाल्या बाईच्या गरजेच्या पाचव्या हिश्श्याएवढे. डाळ, तेल, भाजी बाजूलाच राहिली. ती आणायची तळाजवळच्या दुकानातून, आणि ते दुकान बहुधा मुकादमाने लावून दिलेले असते. रोख नसल्यामुळे उधारी, उधारीमुळे चढा भाव, आणि भाव विचारायची सोय नाही. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी तेल-मसाला घ्यायचा म्हणजे किलोमागे किती जादा पडते, हे ज्याने त्याने आपल्या घरी हिशेब करून पाहावे.

लेकरांची गोष्ट याहून वाईट. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. सहा वर्षांखालील मूल, गरोदर बाई, स्तनदा माता यांना अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो. शाळेत गेलेल्या मुलाला दुपारचे जेवण मिळते. तळावरचे मूल यातले काहीच न मिळता उसाच्या बांधावर झोळीत नाहीतर पाचटात असते. टोळी आज एका गावच्या शिवारात तर आठ दिवसांनी दुसऱ्या. अंगणवाडी सेविकेच्या यादीत नाव चढेपर्यंत कोपी हललेली असते. एकाच शिवारात दोन प्रकारची मुले वाढत आहेत. आपले दप्तर घेऊन शाळेत जाते आणि तिथे खिचडी खाते. त्यांचे शाळेच्या कुंपणाबाहेरून पाहते.

सभासदांचे म्हणणे

आता सभासदांचे म्हणणेही मांडले पाहिजे, कारण ते रास्त आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच बिलातून जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय उरते आणि खत, पाणी, मजुरी यांचा खर्च काय झाला, हे प्रत्येकाला पाठ आहे. त्यात फडात टोळी आली की एकरी वेगळे पैसे मागतात, ड्रायव्हर एंट्री मागतो. सभासद वैतागला तर त्याला दोष देता येत नाही. ही मागणी चुकीची आहे, आणि ती बंद झाली पाहिजे हेच आमचे मत आहे.

परंतु ती का होते याचाही विचार करावा. उचलीच्या बोज्याखाली रोजच्या खर्चाला ज्याच्या हातात पैसा नाही तो माणूस समोर दिसेल त्याच्याकडे मागणार. तळावर रास्त भावात शिधा मिळू लागला तर "वरखर्चीला द्या" म्हणायला त्याला कारण राहणार नाही, आणि आपल्याला नाही म्हणायला बळ येईल. आज आपण चिडून, नाइलाजाने, हिशेबाबाहेर पैसे देतोच. तेच हिशेबात घालून शिध्याच्या रूपाने दिले तर चार घास पोटात जातील.

दुसरे म्हणणे, "पैसे दिले तरी दारूत आणि मोबाईलमध्ये घालवतात." काही जण घालवतात. आपल्या गावात कोणी घालवत नाही का? म्हणूनच आम्ही रोख रकमेविषयी बोलत नसून डाळ, तेल आणि शेंगदाणा यांविषयी बोलत आहोत. ते बाईच्या हाती पडते आणि चुलीवर जाते.

तिसरे म्हणणे, "आता यंत्रे येणार, मग मजूर कशाला?" यंत्रे येत आहेत, आणि रुंद सरीच्या लागणीचा आग्रह आमचे खाते त्याचसाठी धरते. तरी वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे, लोळलेला ऊस, ओली रानं, जवळ-जवळच्या सऱ्या हे सगळे एका रात्रीत बदलणार नाही. पुढची पुष्कळ वर्षे कोयता लागणार आहे. आणि लागला नाही तरी, आज जो आपल्या रानात राबतो आहे तो आज उपाशी राहू नये, एवढे तरी आहेच.

ऊस खात्याचा माणूस म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ऊस जमिनीलगत तोडावा, असे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते. बुडखा राहिला की वजन जाते, साखर जाते, आणि खोडव्याचे फुटवे वरच्या डोळ्यांतून अशक्त फुटतात. जमिनीलगत तोडायचे म्हणजे प्रत्येक घावाला कंबरेतून पूर्ण वाकायचे. सकाळी हे जमते, दुपारनंतर घाव वर वर चढतो. ज्याच्या अंगात बळ नाही त्याला ओरडून बुडखा खाली जात नाही. फायद्यासाठीच कोणाला जेवू घालावे असे आम्ही म्हणत नाही. पण फायदा आहे, हे खोटे नाही.

काय करता येईल?

मोठ्या योजना बाजूला ठेवून, कारखान्याच्या आणि सभासदांच्या आवाक्यातल्या पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, करार करतानाच रेशनकार्डाची नोंद घ्यावी. टोळीतल्या माणसांची नावे, कार्डाचे नंबर, ई-केवायसी झाली की नाही, लहान मुले किती, गरोदर बाई आहे का, हे मुकादमाच्या करारासोबत एका तक्त्यात यावे. ई-केवायसी राहिली असेल तर गाव सोडण्यापूर्वी करून घ्यायला सांगावे. हा तक्ता हंगामाआधी तहसीलच्या पुरवठा शाखेला दिला, तर कोणत्या गावच्या दुकानावर किती जादा धान्य लागेल हे त्यांना कळेल आणि कोटा मागवता येईल.

दुसरी, टोळी उतरली की आठ दिवसांच्या आत चिटबॉयने त्या गावच्या अंगणवाडी सेविकेला आणि मुख्याध्यापकांना मुलांची यादी पोचवावी. टोळी हलली की पुढच्या गावी तसेच करावे. चिटबॉय रोज फडावर जातोच, त्याला कागदाचा एक तुकडा जास्त. ज्यांचे मूल गावी वसतिगृहात राहू शकते त्यांना संत भगवानबाबा वसतिगृहांची माहिती करार करतानाच द्यावी.

तिसरी, बाजाराची अर्धी सुट्टी. पंधरा दिवसांतून एकदा, गावच्या बाजारादिवशी, टोळ्यांना आळीपाळीने दुपारनंतर मोकळीक द्यावी आणि तिचा खाडा धरू नये, असे कलम मुकादमाच्या करारात घालावे. सगळ्या टोळ्या एकाच दिवशी सोडल्या नाहीत तर गव्हाणीला ऊस कमी पडत नाही. पाळीपत्रक लावणे हे आमचेच काम आहे, आणि ते बसते असे आम्ही खात्रीने सांगतो. त्या अर्ध्या दिवसात रेशनही उचलता येईल, भाजीही आणता येईल आणि बाईला दवाखान्यातही जाता येईल.

चौथी, शिध्याची गाडी. कारखान्याच्या ग्राहक भांडारातून आठवड्याला एक गाडी तळातळावर जावी. तूरडाळ, मसूरडाळ, शेंगदाणा, गोडेतेल, गूळ, कांदा-बटाटा, मीठ. भाव पाटीवर लिहिलेला, वजन समोर, नोंद बाईच्या नावे. आपण सणाला साखर देतो ती चांगली गोष्ट आहे, पण साखरेने भागत नाही, डाळ पाहिजे. यात मसूरडाळ मुद्दाम धरली आहे, कारण ती लवकर शिजते आणि पहाटेच्या चुलीला परवडते.

खर्चाचा अंदाज देतो. पाच लाख टन गाळप करणारा कारखाना उदाहरणादाखल धरू. एक कोयता दिवसाला पावणेदोन टनांप्रमाणे एकशेवीस दिवसांत दोनशे दहा टन तोडतो, म्हणजे सगळी तोडणी हाताने झाली तर सुमारे चोवीसशे कोयते लागतील. सभासदांच्या संमतीने टनामागे पाच रुपये बाजूला काढले तर पंचवीस लाख होतात, कोयत्यामागे हजाराच्या थोडे वर. डाळीचा भाव किलोला एकशेवीस धरून ती अर्ध्या किमतीत दिली, तर चार महिने प्रत्येक कोयत्याला महिन्याला चार किलो डाळ पुरते. पन्नास टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला हंगामाचे अडीचशे रुपये येतात. एंट्रीला यापेक्षा जास्त जातात.

कोणी म्हणेल, लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनाला दहा रुपये कारखाने देतातच. देतात, आणि शासन त्यात तेवढीच भर घालते. तेव्हा तळावरच्या शिध्याला त्यातून वाटा मिळावा असा ठराव सर्वसाधारण सभेने करून पाठवायला काय हरकत आहे? तो मिळाला तर आपले पाच रुपयेही वाचतील. मात्र तो मिळेपर्यंत चुली थांबत नाहीत.

पाचवी गोष्ट सभासदाच्या एकट्याच्या हातातली आहे. लागणीच्या उसात आपण मेथी, हरभरा, कोबी, कांदा अशी आंतरपिके घेतो. त्यात दोन सऱ्या भाजीच्या जास्त धराव्यात आणि टोळी असेतोवर ती भाजी तळावर द्यावी. विकत दिली तरी चालेल, बाजारभावापेक्षा चार पैसे कमी घ्यावेत. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडू द्यावा. ज्यांच्या घरी दूध आहे त्यांनी डेअरीला घालतो त्याच भावाने लेकरांपुरते अर्धा लिटर तळावर द्यावे. वाढे घेताना पेंढीचा भाव पाडून मागू नये, कारण त्या पैशावर त्या दिवसाची चूल आहे. आणि विहिरीचे किंवा बोअरचे स्वच्छ पाणी भरू द्यावे. पाणी वाईट असले तर खाल्लेले अंगी लागत नाही.

सहकाराचा अर्थ

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना चालू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासमोर प्रश्न होता तो शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा. शेतकऱ्याला सावकार नाडत होता, बाजारात त्याला कोणी विचारत नव्हते. सगळ्यांनी एकत्र येऊन तोड काढली. पुढे तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात साखर कारखान्याच्या जोडीने दूध संघ उभा राहिला, वारणा बझार उभा राहिला, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याच्या घरातल्या पिशवीचाही विचार केला. जे औषध आपल्याला लागू पडले तेच उधारीच्या दुकानात अडकलेल्या तोडणीवाल्याला लागू पडेल. तो आपला सभासद नाही, शेअर त्याच्या नावे नाही, हे खरे. पण त्याच्या कोयत्याशिवाय आपल्या शेअरला किंमत नाही, हेही तितकेच खरे.

कामावर अन्न देणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी ती खाल्ली आहे, त्यावेळचा मिलोही खाल्ला आहे. त्या वेळी खडी फोडणाऱ्यांत आज बागायतदार असलेल्या घरांतली माणसेही होती. पाणी आले म्हणून आपण उसाचे धनी झालो. ज्यांच्या शिवारात ते पोचले नाही ते कोयता घेऊन आपल्याकडे येतात. फरक एवढाच आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे वरील पाच सूचना ठेवाव्यात अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे. सभासदांनी आपले मत, बाजूचे असो की विरोधातले, आपापल्या गट कार्यालयात लेखी कळवावे. विरोध असेल तर त्याचे कारणही लिहावे, म्हणजे त्याप्रमाणे दुरुस्ती करता येईल. तक्त्याचा नमुना आमच्या खात्याने तयार केला असून तो गट कार्यालयांत पाहायला मिळेल. या हंगामात ज्यांच्या फडात टोळी उतरेल त्यांनी सभेच्या ठरावाची वाट न पाहता निदान पाणी, दोन सऱ्या भाजी आणि लेकरांपुरते दूध एवढे सुरू करावे, ही कळकळीची विनंती.



— ऊस विकास अधिकारी